भाचा शंभर मीटर '१०.९'ला पळतो म्हणे. कॉलेज सोडू द्यावं का?

दुसरं_गेट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी टिळकवाडीत राहतो, मूळ खानापूर तालुक्यातला. धावण्यातलं मला शून्य कळतं, म्हणून इथे विचारतोय.

बहिणीचा मुलगा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, बेळगावातल्याच एका कॉलेजात. वय १९. शाळेत कबड्डी खेळायचा. पीयूसीला (अकरावी-बारावीला) असताना सरांनी पळायला लावलं, आणि दोन वर्षांत शोकेसमधला ताजमहाल हलवून तिथे कप आले. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत शंभर आणि दोनशे, दोन्हीत पहिला. सर म्हणतात १०.९. गावात बॅनर लागला, त्यावर फोटोच्या मागे ज्वाळा आणि ज्वाळांत '१०.९'.

आता भाचेसाहेब म्हणतात, डिग्री राहू दे, बेंगळूरला अकॅडमी लावतो, दोन वर्षांत नॅशनल. भावोजी म्हणतात, खूळ पुरे, अग्निवीरची तयारी कर. ताई दोघांच्या मधे बसून भाकऱ्या थापते. आणि सगळ्यांनी मिळून मला पंच केलंय. अकॅडमी, खोली, खाणं याचे पैसे बहुधा पंचाच्याच खिशातून जाणार, हेही आहेच.

या वाटेने कोणी गेलंय का? कॉलेजातल्या स्प्रिंटरचं पुढे नेमकं होतं काय?

काजूची_बाग

१०.९ कुठल्या घड्याळावर?

दुसरं_गेट

म्हणजे? सरांच्या घड्याळावर.

काजूची_बाग

मग थांबा. लेन_आठ येईल आता.

लेन_आठ

आलो. दुसऱ्या पाळीतून आत्ताच सुटलोय, चहा घेत लिहितोय. मोठं होणार आहे, कंटाळा आला तर खाली सरका.

मी कडोली भागातला. २००९ ला कॉलेजात गेलो. तेव्हा आमचं कॉलेज धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे होतं. पहिल्या वर्षी निवड चाचणीत धारवाड-कारवारकडच्या पोरांनी मला पाचवा टाकला. २०१० ला राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं, बेळगाव-विजापूर-बागलकोट वेगळे निघाले, आणि माझ्या पुढची चार पोरं पलीकडच्या विद्यापीठात राहिली. दुसऱ्या वर्षी मी पहिला! पळण्यात म्हणाल तर फरक शून्य. घरी मात्र पेढे वाटले.

ट्रॅक मातीचा. जून ते सप्टेंबर त्यावर पळायचं म्हणजे रोप लावायला स्पाईक्स (तळाला खिळे, म्हणजे पिना असलेले बूट) घालून शेतात उतरायचं. स्टार्टिंग ब्लॉक (सुटताना पाय टेकवायचा ठोकळा) अख्ख्या कॉलेजात एक, त्याचे खिळे वाकलेले. दगडाने ठोकून बसवायचा आणि मागे एका पोराने दोन्ही पाय देऊन दाबून धरायचा, नाहीतर सुटताना आपण पुढे आणि ब्लॉक मागे. सर शंभर मीटरवर रेषेपाशी घड्याळ घेऊन उभे, इकडे एक जण शिट्टी मारणार. मी १०.९. कधी कधी ११ फ्लॅट. एकदा तर १०.८, त्या दिवशी सरांनी सगळ्यांना भजी खायला घातली.

मग अखिल भारतीय आंतरविद्यापीठ. रेल्वेने दोन रात्री, जनरलच्या डब्यात दाराजवळ. सिंथेटिक ट्रॅकवर पहिला पाय ठेवला तो हीटच्या, म्हणजे पहिल्या फेरीच्या, आदल्या संध्याकाळी. कॉल रूममध्ये स्पाईक्स तपासतात, तिथे मला बाजूला काढलं. माझ्या पिना मातीच्या, लांब. सिंथेटिकवर ९ मिलिमीटरच्या वर चालत नाहीत. मला हा नियम असतो हेच माहीत नव्हतं. शेजारी बसलेल्या एका पंजाबच्या पोराने न बोलता डबी उघडली, पिना मोजून दिल्या, किल्ली दिली. एक पिन लाल मातीने इतकी गच्च बसलेली की निघेना. शेवटी त्यानेच दातओठ खाऊन ती काढली. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

आणखी एक. त्याच वर्षापासून, म्हणजे २०१० पासून, नियम कडक झाला होता: एक फॉल्स स्टार्ट केला की थेट बाहेर. 'सेट'ला बसल्यावर माझ्या डोक्यात एवढंच, की दोन रात्री संडासाशेजारी बसून आलोय, फॉल्स होऊन परत जायचं नाही. बंदूक वाजली, सगळे उठले, मग मी उठलो. फलकावर लेन आठसमोर ११.५२. मला वाटलं भलत्याच कोणाची वेळ लागली.

आता हिशेब. इलेक्ट्रॉनिक वेळ बंदुकीपासून आपोआप सुरू होते. हातातल्या घड्याळाला माणसाचं बोट लागतं, ते उशिरा दाबलं जातं. म्हणून शंभर आणि दोनशेला हाताच्या वेळेत ०.२४ मिळवायचे, असा सरसकट नियम आहे. तेही घड्याळवाल्याने बंदुकीचा धूर बघून बटण दाबलं तर. आमचे सर शिट्टीचा आवाज ऐकून दाबायचे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शंभर मीटर यायला त्याला ०.२९ सेकंद लागतात. म्हणजे १०.९ अधिक ०.२४ अधिक ०.२९, झाले ११.४३. वर माझी भीती ०.०९. बरोबर ११.५२! सरांनी लबाडी केली नव्हती, त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटच्या टप्प्यात पोरगं सेकंदाला नऊ-साडेनऊ मीटर जातं. अर्धा सेकंद म्हणजे पावणेपाच मीटर. गावात जो एकटा छाती पुढे काढून फीत तोडतो, तो तिथे घोळक्याच्या मागे पाठी बघत पळतो.

आता मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर. दोन शतांश मिलिमीटर जास्त भरलं की जॉब, म्हणजे तो तयार भाग, रिजेक्ट करतो. कॉलेजची तीन वर्षं मी अर्ध्या सेकंदाच्या चुकीवर काढली, हे आठवलं की कधी कधी हसू येतं.

दुसरं गेट, पोराला बेंगळूरला पाठवा नाहीतर पाठवू नका. आधी खरी वेळ काढा.

माळावरचा_वारा

इतकं कशाला? २०२० साली कंबळ्यात (चिखलातल्या रेड्यांच्या शर्यतीत) रेड्यांमागे पळणारे श्रीनिवास गौडा शंभर मीटर ९.५५ ला गेले म्हणून अख्ख्या देशाने बोल्टशी तुलना केली होती की. तुमच्या भाच्याला रेडे द्या.

लेन_आठ

चिखलात, रेड्यांच्या ओढीने, १४० मीटरच्या वर अंतर पळून त्यातून शंभरचा त्रैराशिक काढलेला आकडा तो. माणूस शहाणा. चाचणीचं बोलावणं आलं तर सरळ नको म्हणाला, माझा खेळ वेगळा आहे म्हणून. बॅनर छापणारे आपण.

निवृत्त_हवालदार

भावोजींचं पण ऐका की वो. पण त्यांना एक सांगा, अग्निवीरला शंभर मीटर नाही, १६०० मीटर आहे. साडेपाच मिनिटांच्या आत आलं तर पूर्ण ६० मार्क. आमच्या गावात तीन पोरं अशी बघितली, शंभरला वाघ आणि १६०० ला तिसऱ्या राऊंडला पोट धरून बसली. स्प्रिंटरचं शरीर वेगळं असतंय. तयारी करायची तर सहा महिने वेगळी करायला लागते आणि त्यात शंभरचा वेग थोडा जातोच. दोन्ही दगडांवर पाय ठेवून काय होणार गा?

दुसरं, कोणी सांगेल मराठा सेंटरला (मराठा लाइट इन्फंट्रीच्या इथल्या केंद्रात) स्पोर्ट्स कंपनी आहे, तिथे घाला. बॉईज स्पोर्ट्स कंपनीत ८ ते १४ वयात घेतात. १९ ला ते दार बंद. लहान भाऊ असेल तर त्याच्यासाठी बघा.

आमच्या रेजिमेंटचे शंकर लक्ष्मण हॉकीचे गोलकीपर, १९५६, ६० आणि ६४, तीन ऑलिम्पिक खेळले. फौजेत खेळाडूला मान आहे. पण आत शिरायचं गेट १६०० चंच.

शिनोळी_नाका

महाराष्ट्र पोलीस भरतीचं कोणी बोललं नाही. तिथे १६०० आहेच, शिवाय शंभर मीटरही आहे. पुरुषांना ११.५० सेकंदांच्या आत आलं की १५ पैकी १५. त्याच्यावर गेलात की १२. गोळाफेकही आहे. कर्नाटक पोलिसांत शंभर नाहीच. १६०० साडेसहा मिनिटांत, लांब किंवा उंच उडी आणि गोळा.

सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना महाराष्ट्रात अर्ज करता येतो, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. आधी तुमचं गाव यादीत आहे का बघा, आणि चालू जाहिरात वाचूनच पुढे जा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या पीडीएफवर विसंबून आमच्या एकाचा अर्ज बाद झालाय.

माळावरचा_वारा

८६५ गावं म्हटलं की खरा विषय निघाला. १९५६ पासून...

काजूची_बाग

वारेराव, त्याचे शंभर धागे आहेत इथे. पोरगं पळायचं राहील.

निपाणीकरीण

मी धाग्यावर मुद्दाम लॉगिन करून लिहितेय, कारण इथे सगळे '१०.९' मध्येच अडकलेत.

मी चार बाय शंभर रिले पळायचे. वैयक्तिक शंभरला मी विद्यापीठात तिसरी, म्हणजे तसं बघितलं तर कोणीच नाही. पण रिलेला चौघी लागतात. दोन वर्षं आंतरविद्यापीठ रिलेमुळे गेले आणि ते प्रमाणपत्र पुढे उपयोगी पडलं. केंद्र सरकारच्या खेळाडू भरतीच्या नियमात आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचं प्रतिनिधित्व केलेला उमेदवार पात्र धरतात. रेल्वेला नुसता सहभाग पुरत नाही, तिथे नंबर लागतो. हा फरक मला कोणी सांगितला नव्हता, मी हुबळीला जाऊन हात हलवत परत आले.

तर भाच्याला विचारा, रिले पळतो का? बॅटन (एकाने पुढच्याच्या हातात द्यायची दांडी) बदलायचा सराव केलाय का? आम्ही बॅटन म्हणून पीव्हीसी पाइपचा तुकडा वापरायचो, नळ बसवणाऱ्याकडून मागून आणलेला. बदल न बघता करायचा असतो, मागची ओरडली की हात मागे. माझ्या मागे पळणारी बैलहोंगलची, कन्नड बोलणारी. ती 'कै!' ओरडायची आणि मी हात द्यायचे. एकदा स्पर्धेत शेजारच्या लेनमधली कन्नड मुलगीसुद्धा त्याच वेळी 'कै!' ओरडली, मी हात आधीच मागे टाकला, बॅटन बोटांना लागून खाली. तेव्हापासून आम्ही शब्द बदलला, 'मिरची' ठेवला. मिरची कुठल्याच भाषेत कोणी ओरडत नाही.

महत्त्वाचं: डिग्री सोडली की विद्यापीठाकडून पळता येत नाही. आंतरविद्यापीठाला वयाची मर्यादा २५ आहे. म्हणजे बी.ए. संपवून एम.ए. किंवा बी.पी.एड. केलं तर याच्याकडे अजून चार-पाच हंगाम आहेत. कॉलेज सोडून तो नेमकी तीच दोरी कापतोय. बेंगळूरच्या अकॅडमीत हजार पोरं १०.९ वाली असतील, तिथे त्याला कोणत्या स्पर्धेत उतरवणार?

शिवाय मंगळूरजवळच्या मुडबिद्रीसारख्या ठिकाणी खेळाडूंना शिक्षण-राहणं-जेवण देणारी कॉलेजं आहेत. मंगळूर विद्यापीठ ॲथलेटिक्समध्ये वर्षानुवर्षं वरच्या नंबरात असतं ते काय हवेवर? तिथे चाचणी द्यायची असेल तर बी.ए. चालू ठेवूनच जाता येतं. द्युती चंद २०१९ ला नेपल्सच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत शंभर मीटरचं सुवर्ण जिंकली, ११.३२ मध्ये. कॉलेजची विद्यार्थिनी म्हणूनच गेली होती ना?

जुनं_बेळगाव

अवांतर होईल, तरी राहवत नाही. आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० ला अँटवर्पच्या ऑलिम्पिकला मॅरेथॉन पळाले, १९ वे आले. त्याच चमूत बंगालचे पूर्मा बॅनर्जी शंभर आणि चारशे पळाले. तेव्हापासून आपल्याकडे लांब पळणारे आणि कुस्तीगीर निघाले, शंभरवाले नाहीत. आपली माती, आपला आहार, डोंगरी भाग. स्प्रिंट आपलं काम नव्हे असं माझं मत.

काजूची_बाग

माती-बिती काही नसतं काका. पोरांना सातवीपासून १६०० पळवलं जातं भरतीच्या नावाखाली, मग शंभरवाले कुठून येणार? आमच्याकडे पहाटे पाचला रस्त्यावर वीस पोरं पळत असतात, एकाच्याही पायात स्पाईक्स नाहीत.

जुनं_बेळगाव

बरं. पण १९ व्या वर्षी उशीर झालाच की.

लेन_आठ

उशिराचं तसं नाही. अनिमेष कुजूर बघा, छत्तीसगडच्या सैनिक शाळेतला मुलगा, आधी फुटबॉल खेळायचा, ॲथलेटिक्सकडे उशिराच वळला. जुलै २०२५ मध्ये ग्रीसला शंभर १०.१८ पळाला, त्याच वर्षी आशियाई ॲथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत दोनशेला २०.३२ आणि ब्राँझ. त्याच्या आधी गुरिंदरवीर १०.२०, त्याच्या आधी आपल्याच कर्नाटकात, बेंगळूरच्या ट्रॅकवर, २०२३ ला मणिकंठ होबळीधर १०.२३. हे सगळं इलेक्ट्रॉनिक. म्हणून म्हणतो, भाच्याचे खरे ११.१ असतील आणि मातीवर, मोडक्या ब्लॉकवर, भात-आमटी खाऊन असतील, तर तो उमेदीचा पोरगा आहे. ११.५ असतील तर निपाणीकरीण म्हणतात ते करा: रिले, डिग्री, प्रमाणपत्र, आणि शिनोळीवाल्यांची भरती. दोन्हीत लाज नाही. पण दोन वेगळ्या वाटा आहेत.

निपाणीकरीण

आणि आणखी एक, स्पष्ट लिहिते. कोणी जिमवाला 'रिकव्हरीचं इंजेक्शन' म्हणाला तर पोराला तिथून कानाला धरून आणा. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत नाडाची (उत्तेजकांची तपासणी करणाऱ्या संस्थेची) माणसं आल्याचं कळल्यावर शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीला एकटाच पोरगा उतरला होता. बाकीची सात एकदम आजारी पडली.

दुसरं_गेट

एवढं सगळं वाचून डोकं गरगरलं, पण आभार. लेन_आठ, खरी वेळ घरच्या घरी कशी काढायची? इलेक्ट्रॉनिक यंत्र कुठून आणू?

लेन_आठ

मोबाईल पुरे. स्टँडवर, शेवटच्या रेषेच्या बरोबर सरळ रेषेत लावा, व्हिडिओ सेकंदाला ६० फ्रेमचा. सुरुवातीला एकाने दोन लाकडी फळ्या जोरात आपटायच्या. नंतर व्हिडिओत फळीच्या आवाजापासून छाती रेषेवर येईपर्यंतचा वेळ मोजा, त्यात आवाजाच्या प्रवासाचे ०.२९ मिळवा. डोकं किंवा हात रेषेवर आला ते धरायचं नाही, धड धरायचं. वारा बघा, पाठीवरून जोराचा असेल तर आकडा फुकटचा. तीन दिवस काढा, एका दिवसावर जाऊ नका. आणि पोराला आधी सांगू नका कशासाठी चाललंय.

दुसरं_गेट

रविवारी सकाळी गेलो. सांगू नका म्हणालात, पण फळ्या बघून त्याने विचारलंच, मग सांगितलं. गप्प झाला. चिखल अजून पुरता वाळलेला नव्हता, बाहेरची लेन जरा कोरडी होती ती घेतली. फळ्या आपटायला ताईला उभं केलं, कारण भावोजी येईनात. पहिल्या वेळी ती 'सेट' म्हणायच्या आधीच आपटून मोकळी झाली. ती धरली नाही.

नंतर दोनदा पळाला. मध्ये वीस मिनिटं विश्रांती. दुसऱ्यांदा संपल्यावर तिथेच बसला आणि काडीने स्पाईक्सच्या पिनांमधली माती काढत राहिला, आम्ही मोबाईलवर फ्रेम मागे-पुढे करत होतो तिकडे बघितलंही नाही. भावोजी तोवर कोपऱ्यात गाडी लावून आलेच होते, लांबून बघत.

०.२९ मिळवून ११.१६ आणि ११.१९. वारा नव्हताच, धुकं होतं.

त्याला सांगितलं. म्हणाला, "म्हणजे १०.९ नाही." मी म्हटलं, नाही. म्हणाला, "बॅनर काढायला सांगा." मग घरी येऊन पाच भाकऱ्या खाल्ल्या. बी.ए. सोडत नाही म्हणाला, निदान या वर्षी. मुडबिद्रीच्या चाचणीची तारीख काढतोय.

लेन_आठ, ११.१६ म्हणजे उमेदीतलं ना?

लेन_आठ

मातीवर, तेही ओल्या? चांगलंच आहे! एकच विचारतो. शंभर मीटर कसे मोजलेत?

दुसरं_गेट

चुन्याच्या खुणा होत्या मैदानावर, त्याच धरल्या.

लेन_आठ

कोणी मारलेल्या? केव्हा? बाहेरच्या लेनच्या की आतल्या?

काजूची_बाग

आला मायक्रोमीटर.

दुसरं_गेट

...उद्या टेप घेऊन जातो.